टाकीभर आवाज

खडकउंब्र्याला पाच एप्रिलला पाणी आलं. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आलं, टाकीभर आलं, आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा रजिस्टरात त्याची निळ्या शाईत नोंद आहे. नोंदीखाली सही आहे, सहीवर शिक्का आहे. ज्यांना गोष्टीचा शेवट गोड लागतो त्यांनी इथंच थांबलं तरी चालेल. बाकीच्यांनी मात्र वरची चार वाक्यं वाचलीच नाहीत असं धरून पुढं यावं. कारण पाणी आलं नव्हतं.

नोंद केरबा सोनकांबळेची होती. केरबा म्हणजे गावचा वालमन. पंचवीस वर्षं टाकीखालचा वाल उघडायचा आणि बंद करायचा, एवढंच त्याचं काम. पण हे काम तो कानानं करायचा. त्याच्याकडं हातभर लांबीची लोखंडी सळई होती. तिचं एक टोक पाइपाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि पाणी कुठवर पोचलं ते सांगायचं. एकदा शाळेसमोरचा रस्ता नुसता ओलसर दिसत होता, तेव्हा केरबानं सळई लावून सांगितलं, की गेटापासून सात पावलं, उजव्या अंगाला, दोन हात खाली. खोदलं. गळती सातव्या पावलावर होती. तेव्हापासून ग्रामसेवक शिवप्पा केरबाच्या नोंदीवर न वाचता सही करायचा. केरबाही कानानं न ऐकलेलं रजिस्टरात कधी लिहीत नसे. डिसेंबरपासून तो रोज एकच शब्द लिहीत होता : निरंक.

हे साल लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. खडकउंब्रा नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या रेषेवर बसलेलं, त्यामुळं रेल्वे त्याच्या वाट्याला येण्याचा प्रश्न नव्हता. रेषेवर स्टेशन नसतं. गावाला दोन टँकर मंजूर होते. एक गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा, दुसरा भीमनगरात. भीमनगर म्हणजे केरबाची वस्ती, बौद्धांची चाळीस घरं, पाइपलाइनीच्या अगदी शेपटाला. नळाचं पाणी सुरू असतानाही गाव न्हाऊन, म्हशी धुऊन मोकळं झालं की उरलंसुरलं भीमनगरात यायचं. हे पाणी यायला इतका वेळ का लागतो ते केरबाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, कारण वाल तोच उघडायचा आणि घरी जाऊन वाट पाहायचाही तोच.

त्यात त्या वर्षी नवा जिल्हा होणार होता. तसा तो दर वर्षी होणार असतो. पण या खेपेला लोकांनी पाट्या रंगवून घेतल्या होत्या. तालुक्याच्या चौकातल्या न्हाव्यानंसुद्धा दुकानावर पत्त्याखाली ‘प्रस्तावित जिल्हा’ असं लिहून घेतलं आणि दाढीचे पाच रुपये वाढवले. जिल्हा निर्मिती समिती म्हणून एक समिती होती. उपोषणं करून करून तिची माणसं वाळली होती, म्हणून यंदा तिनं महोत्सव करायचं ठरवलं. जिल्हा मागायचा तर जिल्ह्याला शोभेल असं काही तरी आपल्याकडं आधीच आहे हे दिसलं पाहिजे, असा विचार. अशा विचारांतूनच भोकरची कलाकार सिंधु खडकउंब्र्याला आली.

ती आली तेव्हा केरबा गावात नव्हता. तो हदगावला गेला होता, लेकीला आणायला. तारामती पहिलटकरीण, आठवा सरलेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा बापाचा मान आणि बापाचीच परीक्षा. हदगावला तिच्या सासऱ्यानं विचारलं होतं, सोयरे, तुमच्याकडं पाण्याचं कसं? केरबानं सांगितलं, तिसऱ्या दिवशी टँकर हाय, आमच्या वस्तीचा निराळा हाय, काळजी करू नका. सासऱ्याच्या अंगणात बोअरला दोन इंच धार होती. त्यानं फक्त केरबाला प्यायला पाणी दिलं, आणि तांब्या काठोकाठ भरून दिला.

लेकीला घेऊन केरबा सकाळच्या बसनं परतला. तिला घरी टेकवली आणि सवयीप्रमाणं माळावरच्या टाकीकडं गेला. टाकी म्हणजे लाख लिटरचा गोल सिमेंटचा डेरा, वर माणूस जाईल एवढं झाकण, बाहेर आणि आत लोखंडी शिडी, खाली वाल. शिवप्पा तिथं सावलीला रजिस्टर घेऊन बसला होता. दर मंगळवारी पानाचा फोटो काढून तालुक्याला पाठवावा लागे. केरबानं सळई वालाला टेकवली ती ‘निरंक’ लिहिण्यापुरती.

आधी एक थेंब ऐकू आला. केरबानं सळई काढून टोकाकडं बघितलं, पुसली, पुन्हा लावली. थेंब पुन्हा पडला. मग त्याच्यामागं दुसरा, मग थेंबांची रांगच लागली, आणि मग लांबून, मोठ्या नदीला पहिला लोंढा येतो तसा एक घोगरा आवाज चढत चढत पाइपात शिरला. केरबा वालापाशी खाली बसला. त्यानं बसल्या बसल्याच वालाचे सहा आटे फिरवले. पाइपानं दीर्घ उसासा टाकला आणि खाली वस्तीकडं हवा सुटली.

आता सुक्या लाइनीत आधी हवा येते आणि हवेमागं पाणी असतंच, हा वालमनच्या धंद्यातला पहिला धडा. पंचवीस वर्षांत तो खोटा ठरला नव्हता. केरबानं घड्याळ बघितलं आणि लिहिलं : ‘१२.१० वा. टाकीत पाणी आले. आवाज मोठा आहे.’ शिवप्पानं सही केली, शिक्का मारला, फोटो काढला, पाठवला. भीमनगरात नळ फुसफुसायला लागले. बायांनी घागरी लावल्या. अर्धा तास नळांनी नुसता श्वास सोडला, आणि मग तोही संपला.

तेव्हा केरबा शिडी चढला. झाकण उघडं होतं. तो आत उतरला तर पाय कोरड्या सिमेंटावर टेकले. आत काळोख, आणि काळोखात बॅटरी घेऊन केस बारीक कापलेली एक पोरगी मांडी घालून बसलेली.

“जयभीम मामा,” ती म्हणाली. “बसा. बारा मिनिटांचं आहे.”

“पाणी कुटंय?”

“पाणी नाही. पाण्याचा आवाज आहे. पाणी नाही म्हणूनच तो लावलाय.”

केरबाला हे काही नवीन नव्हतं. रेशनदुकानदारही साखरेचं असंच समजावून सांगायचा.

सिंधुनं मग सविस्तर सांगितलं. ती मुंबईला कलेच्या कॉलेजात शिकलेली. चित्र भिंतीवर टांगतात तसा आवाज जागेत मांडायचा, आणि माणसानं त्याच्या मधोमध जाऊन बसायचं, असली तिची कला. टाकीच्या भिंतीला तिनं चोवीस स्पीकर गोल लावले होते, वर सोलरची प्लेट बसवली होती. सरपंच शेषेरावांनी परवानगी दिली होती, कारण रिकामी टाकी कुणाला तरी उपयोगी पडतेय याचा त्यांना आनंद झाला होता; शिवप्पाला कळवायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं होतं. पंचविसावा स्पीकर तिनं थेट खाली जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात ठेवला होता. का, तर तिथं घुमतो छान.

केरबाला तिच्यावर ओरडायचं होतं. पण चढून दम लागला होता म्हणून तो बसला, आणि तेवढ्यात पुन्हा सुरुवात झाली.

थेंब उजव्या खांद्यामागं पडला. केरबानं मान वळवली. दुसरा डोक्यावर. मग डाव्या हाताला रहाट करकरला, दोर खाली गेला, खोल कुठं तरी बादली पाण्यावर आपटली. नांदेडच्या घाटावरची गोदावरी पाठीमागून आली, मांडीखालून गेली आणि समोरच्या भिंतीवर चढली. साखर कारखान्याचा मोठा पाइप सुटला. कुणी तरी दगडावर लुगडं आपटून धुतलं, अगदी हाताच्या अंतरावर. केरबानं तोंडावरचे शिंतोडे पुसले, मग कोरडा हात बघितला. शेवटी एक घागर नळाखाली लागली. घागर भरताना आवाज आधी जाड असतो, मग बारीक होत होत गळ्याशी येतो. ती घागर तशी भरत गेली, आणि गळ्याशी आली तसा केरबाचाही गळा भरून आला. पंचवीस वर्षं तो एका सळईनं, एका कानानं, चोरून ऐकावं तसं पाणी ऐकत होता. पाणी आपल्या चारी बाजूंनी एकाच वेळी असू शकतं, आणि त्यात आपण शेवटच्या टोकाला नसून बरोबर मधे असू शकतो, हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं.

आवाज संपून पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला, तरी तो उठला नाही. मग काळोखात बोट दाखवून म्हणाला, “त्या तिथल्या पेटीतल्या पाइपाला गळती हाय. जोडावर.”

सिंधुनं कपाळाला हात लावला. तो आवाज भोकरच्या तिच्या शाळेतल्या नळाचा होता, आणि त्याचा जोड खरोखरच गळका होता. आजवर मुंबईच्या चारशे लोकांनी तो ऐकला होता. सगळ्यांनी डोळे पुसले होते, गळती कुणी काढली नव्हती.

केरबा खाली उतरेपर्यंत साडेचार वाजले होते आणि तालुक्याहून शिवप्पाच्या मोबाइलवर हुकूम आला होता. पाणी आल्याने दोन्ही टँकर तत्काळ बंद. सरकारी काम इतकं झपाट्यानं होतं हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. गावाला, खरं सांगायचं तर, ते चार दिवसांनी जाणवलं, कारण शेषेरावांच्या आणि आणखी दोघांच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. भीमनगराला दुसऱ्या दिवशी सकाळीच जाणवलं.

केरबा तालुक्याला गेला. सिंधुही बरोबर गेली. चूक आपल्या स्पीकरची आहे असं तिनं लेखी दिलं. कारकुनानं ते दोनदा वाचलं आणि महोत्सवाच्या फायलीला लावलं. मग त्यानं केरबाला शांतपणे समजावलं. पाणी आल्याची नोंद खोडता येत नाही. खोडली तर रजिस्टरात खाडाखोड केल्याचा वेगळा गुन्हा होतो. पाणी आलं नाही हे सिद्ध करायचं तर पंचनामा लागतो. त्याला विस्तार अधिकारी येतील, जीप मिळाली की. नाही तर सरळ वर अर्ज करावा. पण वर म्हणजे कुठं, हा प्रश्न होता, कारण रेषेवरच्या गावांची कागदपत्रं नव्या जिल्ह्यासाठी अगोदरच वेगळ्या गठ्ठ्यात बांधली होती. गठ्ठा नवीन कलेक्टरच सोडणार. नवीन कलेक्टर नवीन जिल्ह्यात येणार. जिल्हा कधी येणार ते कारकुनालाही माहीत नव्हतं. पण चौकातल्या न्हाव्याला विचारा, असं तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता.

जीप मिळायला तेरा दिवस लागले. मधे जयंती झाली. भीमनगरात निळे झेंडे लागले, भाषणं झाली, आणि मिरवणुकीतल्या लोकांना प्यायला पाणी द्यायचं म्हणून चाळीस घरांनी एकेक तांब्या जमा केला. धुरपताबाई, केरबाची बायको, पहाटे शेषेरावांच्या शेतातल्या बोअरवर रांग धरायची. घरटी दोन घागरी मिळत. बाळंतपणाला किती घागरी लागतात ते वस्तीतल्या म्हाताऱ्या कोंडाबाईनं बोटांवर मोजून सांगितलं. तिच्या हातांची बोटं संपली आणि तिनं धुरपताबाईचा हात मागितला.

केरबा मात्र रोज दुपारी टाकीत जायचा. आज बघून येतो, यंत्र बंद हाय का, असं सांगून जायचा आणि तासाभरानं ओल्या डोळ्यांनी यायचा. धुरपताबाई एकदा दारातच म्हणाली, “लोकांचे नवरे दारू पिऊन येतेत. माझा आवाज पिऊन येऊन राहिला.”

तीही एकदा गेली. हळूहळू वस्तीतल्या बाया दुपारच्या टाकीच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून बसायला लागल्या. तारामतीला तर तिथंच झोप लागायची. तहान भागत नव्हती, उलट वाढायची, पण तहानेला सोबत मिळायची.

विस्तार अधिकारी संगप्पासाहेब यायच्या आदल्या दिवशी सिंधुला नांदेडला जावं लागलं. जाताना तिनं केरबाच्या हातात पक्कड दिली आणि निळी वायर दाखवली. “ही तोडा मामा, माझ्या हातून व्हायचं नाही. सगळं बंद पडेल. साहेबांना कोरडी, मुकी टाकी दिसू दे. माझी दोन वर्षांची मेहनत आहे, पण तारामतीपेक्षा मोठी नाही. तोडाच.”

दुसऱ्या दिवशी जीपची धूळ दिसल्याबरोबर केरबा टाकीत उतरला. निळी वायर पकडीच्या तोंडात धरली. आता दाबायचं. त्याच वेळी घागर लागली.

एवढी भरू द्यावी, असं त्याला वाटलं. अर्धी भरलेली घागर नळाखालून काढून घेणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. भीमनगरात तसं करणाऱ्याला शिव्या बसत. घागर भरली. पण ती भरली म्हणजे बारा मिनिटं संपली, आणि संपलं की यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायचं. थेंब पडला. आता हे शेवटचंच, असं केरबा स्वतःला म्हणाला आणि खाली बसला.

वर संगप्पासाहेबांनी झाकणातून डोकावलं. आत काळोख होता आणि काळोखात गोदावरी होती. साहेब कर्तव्याचे पक्के. त्यांनी बूट काढले, पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि शिडी उतरू लागले. शेवटच्या पायरीवर ते थांबले. त्यांना पोहता येत नव्हतं.

“केरबा, तू कुठवर बुडालास?”

“बुडालो न्हाई सायब. बसलोय. कोरडंय, पाय तरी ठेवून बगा.”

“बसून बोलतोस म्हणजे गुडघाभरच आहे,” साहेब म्हणाले. त्याच क्षणी कारखान्याचा पाइप सुटला आणि साहेब एका दमात वर गेले.

पंचनाम्यात पाणी गुडघाभर लागलं. शिवाय एक वाक्य जास्तीचं होतं : ‘सदर कर्मचारी पिण्याच्या पाण्यात बसलेला आढळून आला.’ त्याबद्दल खुलासा मागणारी नोटीस केरबाला जागेवरच मिळाली. गावात बातमी पसरली तेव्हा काही जाणत्यांनी, केरबाचं नाव न घेता, टाकी एकदा स्वच्छ धुऊन घ्यावी असा विषय काढला. शेषेरावांकडं बैठक बसली. धुवायला पाणी कुठून आणायचं, यावर ती अजून अडलेली आहे.

केरबा घरी आला तेव्हा तारामती दारात उभी होती. जीप तिनं पाहिली होती. पक्कड त्याच्या हातातच होती.

“आबा, वायर तोडली का?”

“न्हाई माय.”

“का?”

“घागर भरून राहिली होती.”

पोटावर हात ठेवून तारामती भिंतीला टेकली. मग हळूच विचारलं, “भरली का?”

“भरली. गळ्यापर्यंत.”

“मंग बरं,” ती म्हणाली, आणि आत जाऊन पिशवीत लुगडी घालायला लागली. हदगावहून जावई शुक्रवारच्या बसनं न्यायला येणार होता. सासऱ्यानं निरोप धाडला होता, की कमीपणा मानू नका सोयरे, पाणी आमचंच, लेकरूही आमचंच. एवढ्या गोड शब्दांत केरबाचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

धुरपताबाई रडली नाही. डोळ्यांतलं पाणी घालवायची ती वेळ नव्हती. केरबानं शिवप्पाकडून रजिस्टरचं मागचं कोरं पान मागून घेतलं. उंबऱ्यावर बसून, जिभेनं ओठ चाटत, त्याला येत होतं तेवढ्या सरकारी मराठीत त्यानं अर्ज लिहिला. त्यानं कानानं न ऐकलेलं त्यात काहीच नव्हतं.

‘प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
नियोजित जिल्हा (मुख्यालय ठरल्यानंतर तेथे).

विषय : आवाज कमी करून टँकर मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार केरबा सोनकांबळे, वालमन, मौजे खडकउंब्रा, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, दिनांक ५ एप्रिल रोजी आमचे टाकीत आलेले पाणी हे आवाज आहे. सदर आवाज उत्तम प्रतीचा असून त्यात एके ठिकाणी गळती आहे. आवाज माणशी भरपूर पुरतो, तथापि त्यात डाळ शिजत नाही व बाळंतीण न्हात नाही. पंचनाम्यातील गुडघाभर पाणी हे साहेबांचे पँटवरून मोजलेले आहे. अर्जदार पिण्याचे पाण्यात बसला होता हे खरे धरल्यास ते पाणी आम्हास प्यावयास मिळावे, आणि खोटे धरल्यास टँकर मिळावा. दोहोंपैकी जे सोयीचे असेल ते करावे.

अर्जदाराची मुलगी सौ. तारामती हिचे दिवस पूर्ण भरत आले असून तिला शुक्रवारचे बसने माहेराहून परत पाठवावे लागत आहे. आपला जिल्हा होण्यास वेळ लागणार असल्याची अर्जदारास जाणीव आहे व त्याबद्दल तक्रार नाही. तरी मेहेरबान साहेबांनी शुक्रवारचे आत आपला जिल्हा स्थापन करून, त्यात रुजू होऊन, आमचा गठ्ठा सोडावा. आणि ते शक्य नसल्यास सदर बाळंतपणास पुढील आदेशापर्यंत स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.’